बुटाच्या टोकातला कापूस

बिराजदार बाईंनी माझा चेहरा पाहिला तो आमची भेट होऊन बराच वेळ झाल्यावर. त्याआधी त्यांनी माझे पाय पाहिले.

जुलै महिना होता. नांदेडहून माझी बदली जळकोट तालुक्यातल्या एका आतल्या गावी झाली होती आणि शाळेत हजर व्हायचा पहिलाच दिवस होता. काळीपिवळी फाट्यावर सोडते, तिथून गावापर्यंत चालत. रस्ता म्हणजे काळ्या मातीची वाट, मध्ये एक ओढा. पायात मी नवी सँडल घातली होती, जरा टाचेची. पहिल्या दिवशी बरं दिसावं म्हणून घेतलेली. शाळेच्या वऱ्हांड्याशी पोचले तेव्हा एका सँडलचा पट्टा तुटला होता आणि दोन्ही तळव्यांना इतका चिखल चिकटला होता की मी वीतभर उंच झाले होते.

पायरीवर एक ठेंगण्या, सावळ्या बाई पाटावर बसून एका पोरीचे पाय पुसत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, “ह्या चालायच्या न्हाईत.”

“काय?”

“सँडली. नव्या मॅडम ना तुम्ही? ओढ्याच्या अलीकडंच काढून हातात घ्यायच्या हुत्या. द्या इकडं पाय.”

मी अर्थातच पाय दिले नाहीत. माझे मी धुतले, आत गेले, मुख्याध्यापक केंद्रे सरांपुढे सही केली, चहा घेतला. परत बाहेर आले तेव्हा पोरांची रांग संपली होती. बाईंनी फडकं पिळलं, वाळत टाकलं, आणि मग वर बघून विचारलं, “नाव काय म्हणलात तुमचं?”

बिराजदार बाई त्याच शाळेत शिक्षिका, मूळच्या निलंग्याकडच्या. घरात कानडी, बाहेर मराठी. आश्चर्य वाटलं, राग आला, काही दुखलं की तोंडातून “यव्वा!” निघायचं. बाकी कानडी त्या कुणासमोर बोलत नसत. साडी कायम घोट्याच्या वर, आणि पायात पुरुषांची रबरी सँडल, मागे पट्टा असलेली. गावातल्या बायका सुरुवातीला पदर तोंडाला लावून हसायच्या. “बाईच्या पायात बाप्याचं पायताण!” बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या म्हणायच्या, “बायकांच्या सँडली बसण्यासाठी करतेत, बाप्यांच्या चालण्यासाठी. मला चालायचं हाय.”

सकाळी हजेरी घेताना त्या पोरांच्या तोंडाकडे बघतच नसत. खाली बघून नावं घ्यायच्या. कोण आलं, कोण नाही, हे त्यांना पायांवरून कळायचं. केंद्रे सर थट्टेनं म्हणायचे, “बाई, कधी वर बी बघत जा.” तर बाई म्हणायच्या, “वरचं देव बघतो, सर. खालचं बघायला कुनी न्हाई, म्हनून मी बघते.”

पावसाळ्यात आमचे वर्ग अर्धे रिकामे व्हायचे. कारण सगळ्यांना पाठ होतं: ओढा. वरिष्ठांना तेच सांगितलं जायचं, आम्हीही तेच धरून चालायचो. बाईंना ते मान्य नव्हतं. ओढ्याला उतरता येणार नाही इतकं पाणी वर्षातून मोजके दिवस येतं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. बाकीच्या दिवशी पोरं पायांमुळे येत नाहीत. पावसाळाभर बोटांच्या बेचक्यातली कातडी ओली राहते, पांढरी पडते, फाटते, आग होते. चिखल्या. ज्यांना कधी झाल्या नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही आणि ज्यांना झाल्यात त्यांना सांगायला नको. चिखल्या झालेलं पोर चिखलातून चालायला नको म्हणतं, आई म्हणते राहू दे आज, आणि आजचा आठवडा होतो.

आता चिखल्या काही नव्या नव्हेत. पण आमच्या शाळेत त्यांना एक नवं घर मिळालं होतं, ते म्हणजे बूट. मी येण्याच्या आदल्या वर्षीपासून फाट्यावर जळकोटच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली होती. गावातल्या चार खात्यापित्या घरांतली पोरं काळे बूट, पांढरे मोजे, टाय अशी त्या गाडीत बसायची. ते बघून पालकांच्या सभेनं ठरवलं की आपल्याही शाळेत काळे बूट पाहिजेत. कुणी वरून सांगितलं नव्हतं. गावानंच हौसेनं ठरवलं, केंद्रे सरांनी मान डोलावली. विरोध एकट्या बिराजदार बाईंचा.

बूट आले आणि त्यांच्याबरोबर एक रीतही आली. नवे बूट चिखलात घालायचे कसे? म्हणून पोरं घरून अनवाणी निघायची, बूट कॅरीबॅगेत. चिखल, काटे, ओढा सगळं अनवाणी. शाळेच्या पायरीवर पोचलं की ओल्या पायांवर मोजे, मोज्यांवर बूट, आणि तसं संध्याकाळपर्यंत बसायचं. सुटताना पुन्हा बूट पिशवीत. म्हणजे ओल्यात पाय उघडा आणि कोरड्यात पाय बंद. बाई पायरीवर पाट टाकून बसायच्या त्या ह्यासाठी. निदान पुसलेल्या पायांवर तरी मोजे चढावेत.

पण पोरांच्या पायात नेमकं काय असावं, हे शोधायला त्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर मला घेऊन उदगीरला गेल्या. मला माझ्या तुटलेल्या पट्ट्याच्या बदल्यात काहीतरी घ्यायचंच होतं. बाजारातल्या एका मोठ्या दुकानात आम्ही शिरलो. दुकानदार उत्साही होता. लहान मुलांसाठी म्हटल्यावर त्यानं आधी गमबूट काढले.

“वरून पाणी शिरलं तर निघायचं कुठून?” बाईंनी विचारलं. “अन् ओढ्यात भरला तर पोराला खाली वढंल. ठेवा.”

मग लेसचे कॅनव्हासचे बूट. “वाळायला दोन दिवस. अन् लेसला चिखल लागला की गाठ दातानं सोडतेत पोरं. ठेवा.”

मग चिकटपट्टीचे. बाईंनी पट्टी उघडमीट केली. “ह्यात माती बसली की चिकटती का?”

“म्याडम, माती कशाला बसल?”

“तुम्ही कधी आमच्याकडं आला न्हाईत जनू.”

शेवटी त्यानं एक साधी प्लास्टिकची सँडल काढली. बोटं झाकलेली, बाजूनं जाळी, मागे पट्टा. बाईंनी ती दोन्ही हातांनी वाकवली, तळ अंगठ्यानं दाबला, खाचा बघितल्या. तळ अगदी गुळगुळीत असला तर पाय घसरतो आणि खाचा बारीक-खोल असल्या तर काळी माती त्यात घट्ट बसते. रुंद, उथळ खाचा पाहिजेत. ह्या तशा होत्या. मग त्या दुकानदाराला म्हणाल्या, “पाणी द्या की जरा.”

बिचाऱ्यानं थंड पाण्याचा ग्लास आणून दिला. बाईंनी सँडल काउंटरवर ठेवली आणि ग्लास तिच्यात ओतला.

“ओ म्याडम! ओ! पायात घालायचं हाय ते, प्यायचं न्हाई!”

पाणी जाळीतून भळाभळा काउंटरवर, तिथून खाली लेडीज चपलांच्या खोक्यांवर. बाई वाकून सँडलच्या आत बघत होत्या. आत पाणी साचलं नव्हतं. त्यांनी आत बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच समाधानानं म्हणाल्या, “हाव. ही चालंल.”

आम्हाला भिजलेलं एक खोकं विकत घ्यावं लागलं. त्यातल्या चपला माझ्या मापाच्या होत्या, हे माझं नशीब.

बाईंच्या उद्योगांपायी शाळेत भांडणंही व्हायची. एका पावसाळी आठवड्यात त्यांनी पोरांचे ओले मोजे खिचडीच्या चुलीवर दोरी बांधून वाळत घातले. खिचडी करणाऱ्या रुक्मिणमावशी दोन दिवस गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी हातात उलथनं घेऊन त्या थेट वर्गात आल्या.

“बाई, खिचडीला मोज्याचा वास यायलाय.”

“कुनी म्हणलं?”

“कुनी कशाला म्हणायला पायजे? मला नाक हाय की. अन् काल एक मोजा पातेल्यात पडता पडता राहिला. उद्या पोरं म्हणतील आज खिचडीत काय, तर म्हणू मोजा?”

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. दोरी निघाली आणि मोजे ओलेच राहिले. बाईंचं असंच व्हायचं. मुद्दा त्यांचा बरोबर असायचा आणि माघारही त्यांनाच घ्यावी लागायची.

ह्या सगळ्यात अंजली आली. म्हणजे ती आधीपासून होतीच, ओढ्यापलीकडच्या वाडीवरची, सहावीत. अंजली फार हुशार होती असं मी म्हणणार नाही. गणितात कच्ची होती, अक्षर बरं होतं. पण ती रोज यायची. वाडीवरच्या बाकीच्या मुली चौथीनंतर घरी बसल्या होत्या. ही एकटी राहिली होती. बाईंचं तिच्यावर लक्ष होतं ते त्यासाठी. सातवीनंतर जळकोटच्या हायस्कूलला वाडीवरची एकही मुलगी तोवर गेली नव्हती. बाई म्हणायच्या, “एक गेली की वाट पडती. मग मागच्यांना ढकलावं लागत न्हाई.”

अंजलीचा बाप मारुती. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी मजुरी. कमी बोलणारा, स्वच्छ राहणारा माणूस. पोरीला काळे बूट त्यानं जळकोटच्या बाजारातून आणले होते, दोन मापं मोठे. पोरगी वाढती, बूट एकदाच घ्यायचे. मोठा बूट पायात राहावा म्हणून त्यानं आमच्याकडे सगळेच करतात ते केलं, टोकात घरच्या कापसाचा बोळा कोंबला.

ऑगस्टमधल्या एका सकाळी अंजली लंगडत वर्गात आली. बाईंनी तिला पायरीवर बसवून बूट काढायला लावला आणि त्याचं टोक अंगठ्यानं दाबलं. टोकातून पाणी आलं. त्या दिवशी पाऊस नव्हता. आदल्या दिवशीही नव्हता. बाईंनी आत दोन बोटं घालून कापूस ओढला, तो ओढला तसा येतच राहिला, करडा, कुजका, मेलेल्या उंदरासारखा. ओल्या पायानं बूट घालायचा, पाणी कापूस पिणार, कापूस फुगणार आणि पोरीची बोटं दिवसभर त्यात. तिच्या दोन्ही पायांच्या बेचक्या लाल झाल्या होत्या.

“यव्वा,” बाई हळूच म्हणाल्या. मग मोठ्यानं, “कधीपासून दुखतंय?”

“दुखत न्हाई बाई.”

“खोटं बोलू नको. पाय खोटं बोलत न्हाईत.”

पुढच्या सभेत बाईंनी विषय काढला. पावसाळ्याचे चार महिने बूट बंद. जाळीची सँडल, मागे पट्टा, बरोबर मापाची, मोजे नाहीत. उदगीरहून आणलेला नमुना त्यांनी टेबलावर ठेवला. कापूस ओला राहतो, मोठा बूट चिखलात रुततो आणि पाय निसटतो, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. पालक मान हलवत होते. मला वाटलं, जमलं.

मग मागून मारुती उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली.

“म्याडम, तुमचं खोटं न्हाई. पर असली सँडल तर मी बी घालतो. रोजच घालतो. ती घालून म्या रानात जातो. माझी पोरगी रानात न्हाई जात, शाळंत जाती.” थोडं थांबून त्यानं विचारलं, “मग फरक काय ऱ्हायला?”

 बाईंनी टेबलावरची सँडल उचलली, उलटून तळाकडे पाहिलं आणि परत ठेवली.  

केंद्रे सर म्हणाले, “बघू, पुढच्या सभेत घेऊ.” पुढच्या सभेत चहा आणि चिवडा झाला.

बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी अंजलीसाठी तिच्या मापाची सँडल स्वतः आणली. दुसऱ्या दिवशी मारुती शाळेत आला. सँडल धुऊन, पुसून, पेपरात गुंडाळून आणली होती. त्यानं ती बाईंच्या टेबलावर अशी ठेवली जशी एखादी पूजेची वस्तू ठेवावी.

“राग मानू नका. पोरीच्या पायातलं बापानं घ्यावं.”

“अरं मारुती, मी काय परकी हाय का?”

“न्हाई, तसं न्हाई. पर न्हाई.”

तो गेल्यावर बाईंनी सँडल पेपरासकट कपाटात ठेवली. म्हणाल्या, “वैशाली, हा मानूस चुकलेला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.”

भाद्रपदात चार दिवस झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी उघडीप दिसली म्हणून शाळा लवकर सोडली. ओढ्याला पाणी होतं, पण गुडघ्याच्या खाली. एरवी अंजलीनं बूट पिशवीत घातले असते. पण त्या दिवशी पिशवी फाटली होती, आणि एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात धाकट्या चुलतभावाचा हात. म्हणून तिनं बूट पायातच ठेवले. ओढ्याच्या काठच्या गाळात एक बूट रुतला, दोन मापं मोठा, कापूस भिजून जड झालेला. तिनं पाय ओढला. पाय आला, बूट राहिला. भावाला पलीकडे पोचवून ती बुटासाठी परत आली, गाळात हातानं चाचपत राहिली आणि तिथंच बाभळीचा काटा तिच्या पायात गेला. आधीच फाटलेल्या बेचक्यात, खोल.

हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी ती बूट न घेता घरी गेली आणि बूट हरवला म्हणून रडली. काट्याचं तिनं रात्रीपर्यंत सांगितलं नाही. घरच्यांनी काटा काढला, त्यावर बिब्बा लावला. बिब्ब्यानं कातडी भाजली. पाय सुजला. मग जळकोट, मग उदगीर, मग लातूर.

रविवारी मी आणि बाई लातूरला गेलो.  दवाखान्यात अंजली खाटेवर पडलेली, पायाला गुडघ्यापर्यंत पट्टी. करंगळीच्या शेजारचं बोट काढावं लागलं होतं. तिची आई कोपऱ्यात बसलेली. मारुती आम्हाला बघून उठला, बाईंसाठी स्टूल पुसला.

बाई बसल्या आणि सवयीनं खाली बघितलं.

खाटेखाली अंजलीचे बूट होते. दोन्ही. पाणी ओसरल्यावर मारुतीनं ओढ्याचा गाळ उपसून हरवलेला बूट शोधला होता. धुतला होता. दोघांना पॉलिश केलं होतं. टोकं एका रेषेत लावून ठेवली होती. आणि दोन्ही बुटांच्या तोंडातून पांढरा, कोरडा, नवा कापूस डोकावत होता.

बाईंनी बघितलेलं मारुतीनं बघितलं. “घरी नेताना लागतील की,” तो म्हणाला. “अनवानी कसं न्यायचं तिला?”

बाईंनी मान डोलावली. त्यांनी अंजलीच्या डोक्यावरून हात फिरवला, बरोबर आणलेली केळी दिली आणि तासाभरानं आम्ही निघालो. जिन्यावर त्या एकदा थांबल्या, कठडा धरला.  त्या म्हणाल्या, “उदगीरची गाडी कितीला हाय?”

पाय बरा झाला. दिवाळीनंतर अंजली चालायला लागली, थोडी तिरकी. पण शाळेत आली नाही. बाई वाडीवर गेल्या, मीही बरोबर होते. अंजली अंगणात शेंगा फोडत बसली होती, पायात आईची जुनी चप्पल.

“बूट बसंना आता तिला,” तिची आई म्हणाली. “तिथं पाय आकडतोय.”

“मग चपलेवर येऊ दे की. मी सरांना सांगते. कुनी काही म्हणनार न्हाई.”

अंजलीनं मान वर केली नाही. “सगळ्यांच्या पायात बूट, अन् मी एकलीच चपलेवर?” ती म्हणाली. “न्हाई बाई.”

बाईंनी पुढे चार-पाच चकरा मारल्या. केंद्रे सर स्वतः जाऊन आले. सगळ्या वर्गानं एक आठवडा चपला घालून यायचं असाही बेत बाईंनी केला. पोरांनी घरी सांगितलं, घरच्यांनी बूटच घालून पाठवलं. अंजली म्हणायची, सोमवारपासून येते. असे पुष्कळ सोमवार गेले. पुढे यथावकाश तिचं लग्न झालं, धर्माबादकडे दिली. वाडीवरून हायस्कूलला कोण गेलं, हे मी विचारायचं सोडून दिलं.

पण खरी गोष्ट अंजली घरी बसली त्यानंतरच्या जूनमधली. मारुतीचा धाकटा, गणेश, पहिलीत आला. पहिल्या दिवशी बाप स्वतः हात धरून घेऊन आला. पोराच्या पायात काळे बूट. जाड तळ, चामड्यासारखे, घोट्यापर्यंत बंद, लेस कडक बांधलेली. अंजलीच्या बुटांपेक्षा दुप्पट जड. मारुतीचा चेहरा उजळलेला होता.

“म्याडम, ह्या बारीला बघून घेतले,” तो बाईंना म्हणाला. “चांगल्या कंपनीचे. उदगीरहून. तुम्ही म्हणत हुता ना, पोरांच्या पायाकडं लक्ष द्या म्हनून. तुमचं ऐकलं नव्हतं तवा. आता ऐकलं.”

बाई खाली वाकल्या. बुटाचं टोक अंगठ्यानं दाबलं. ते मऊ होतं, आत कापूस.

“चांगले हायत,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसानंतर पायरीवरचा पाट आत गेला. लगेच नाही, पण कधी फडकं सापडायचं नाही, कधी पाट दुसऱ्या कुणी घेतलेला असायचा. पोरं आपापले पाय पुसायची किंवा पुसायची नाहीत. बाई हजेरी घ्यायला लागल्या ती वर बघून.

त्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम गावानं थाटात केला. मंडप, शाल, नारळ, पेढे. सरपंच बोलले, केंद्रे सर बोलले आणि मग पालकांच्या वतीनं मारुती. त्यानं टोपी काढली. आमच्या पोरांना बूट घालायला कुणी शिकवलं असेल तर ते ह्या म्याडमनी, तो म्हणाला. पायाकडं बघायला आम्हाला त्यांनी शिकवलं. आज आमच्या शाळंत एक बी पोर अनवानी दिसत न्हाई. टाळ्या पडल्या. समोर सतरंजीवर पोरं बसली होती, मांडी घालून, काळे बूट पायातच. बाईंनी हात जोडले. त्यांच्या उत्तराच्या भाषणात त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, अभ्यास करा म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी शेजारीच होते. त्या कानात पुटपुटल्या, “पेढे जास्त गोड केलेत.” एवढंच.

माझी बदली पुन्हा नांदेडला झाली. बाईही मुलाकडे नांदेडलाच राहायला आल्या असं ऐकलं होतं. भेट झाली नव्हती. गेल्या पावसाळ्यात मी कामासाठी तिथल्याच एका इंग्रजी शाळेसमोरून जात होते. शाळा सुटायची वेळ, पाऊस थांबत-सुरू होत, फाटकापुढे रिक्षा, दुचाक्या, छत्र्या. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी. कडेच्या बंद दुकानाच्या पायरीवर बिराजदार बाई उभ्या होत्या. केस सगळे पांढरे, साडी घोट्याच्या वर, हातात एक कॅरीबॅग. पिशवी पातळ होती. आतली सँडल बाहेरून दिसत होती. लहान मापाची, जाळीची, मागे पट्टा.

नात आली. सहा-सात वर्षांची, टाय, काळे बूट, पांढरे मोजे घोट्यापर्यंत भिजून करडे झालेले. चालताना बुटातून फचक फचक आवाज येत होता. बाई खाली बसल्या आणि तिच्या बुटाला हात घातला.

“आज्जी, इथं नको ना!”

“पानी तरी काढू दे.”

“सगळे बघतात! मम्मी म्हणली ना तुला, बूटच घालायचे. सँडल नको आणत जाऊ.”

“बरं बरं. घाल.”

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. तेव्हा मी पायरीवर गेले. ओळखायला त्यांना एक क्षण लागला, मग दोन्ही हातांनी माझा हात धरला. माझ्या पायात त्या दिवशी पुरुषांची रबरी सँडल होती, रुंद उथळ खाचांची, मागे पट्टा असलेली. बाईंकडून मी तेवढं उचललं आहे. नांदेडच्या पावसात दुसरं काही टिकत नाही. मी पाय जरा पुढेच ठेवला होता.

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. तब्येत विचारली. माझ्या मुलीचं शिक्षण कुठवर आलं विचारलं. केंद्रे सर गेले ते मला माहीत आहे का, म्हणाल्या. मग नात हात ओढायला लागली आणि त्या निघाल्या.

मी पाहत होते. नात पुढे, बुटातून पाणी उडवत. बाई मागे, पिशवी तशीच हातात. त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही.